चौथा पाय

सर कमरेला पट्टा लावायचे आणि पँटला आतून नाडीही शिवून घ्यायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जिग्नेशभाईंनी मला हे सांगितलं, तेव्हा वाटलं, नव्या मुलीची फिरकी घेतायत. पण खरंच होतं ते. शर्टाच्या खिशात दोन पेनं, नाकावर एक चष्मा आणि डब्याच्या पिशवीत दुसरा, स्कूटरच्या डिकीत क्लचची जादा केबल. "सर, पट्टा तुटायची एवढी भीती वाटते का?" असं मी एकदा आगाऊपणे विचारलं. ते म्हणाले, "भीती कसली? तुटणारच आहे. कधी, तेवढं फक्त माहीत नाही." हे सांगताना ते हसत नव्हते. सर विनोद करायचेच नाहीत, आणि आम्ही पोट धरून हसायचो ते त्यामुळेच.

मकरपुऱ्यात, कारखान्यांच्या वसाहतीत, आमची कंपनी होती. पवनचक्क्यांचे कन्व्हर्टर बनवायची. वारा काही सरळमार्गी नसतो. मनात येईल तसा वाहतो, आणि जनरेटरमधून वीजही तशीच लहरी निघते. ती आहे तशी ग्रिडला देता येत नाही. मध्ये कपाटाएवढं एक यंत्र बसवावं लागतं, ते ती वीज कापून, जोडून, शिस्तीत आणून पुढे पाठवतं. त्या कपाटात जोडीजोडीने स्विच असतात. अशा एका जोडीला सगळे लेग म्हणतात, सर पाय म्हणायचे. यंत्र तीन पायांवर चालतं. एक पाय गेला की चक्की उभीच राहते. आणि या चक्क्या असतात कुठे, तर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर. दुरुस्तीचा माणूस तिथे पोचून वर चढेपर्यंत वाऱ्याचे चांगले दिवस निघून जातात.

म्हणून सरांनी चौथा पाय बसवला होता. एरवी तो नुसता उभा. तिघांपैकी एक मेला की त्याला तोडून बाजूला काढायचं आणि चौथ्याने त्याच्या जागी लागायचं, चक्की न थांबवता. सांगायला सोपं आहे. एक पाय मेला हे यंत्राला पापणी लवायच्या आत कळलं पाहिजे, नाहीतर मेलेला बाकीच्यांना घेऊन जातो. सरांची अर्धी नोकरी त्या पापणीत गेली.

कळतं की नाही हे बघायचं तर बिघाड मुद्दाम करावा लागतो. चालू यंत्राची वायर तोडायचं काम सर दुसऱ्या कुणाला देत नसत. यंत्र गुणगुणत असायचं, सर कान लावून उभे असायचे, आणि आम्ही चहाचा कप तोंडाला लावला की नेमका त्याच वेळी ते वायरीत बसवलेला स्विच खटकन पाडायचे. कोण दचकतं ते बघायचे. जो दचकला नाही, त्याला म्हणायचे, "तुला मशीनचा आवाजच येत नाही. तू हिशेबखात्यात जा."

हेच ते माणसांवरही करायचे. सकाळी आल्या आल्या कुणाकडे तरी बोट दाखवून म्हणायचे, "आज हा मेला." मग त्या माणसाने दिवसभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, बोलायचं नाही, विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, आणि त्याचं काम बाकीच्यांनी ओढायचं. संध्याकाळी सर विचारायचे, आज कुठे अडलं? जिथे अडलं असेल ते काम दुसऱ्या दिवसापासून दोघांना शिकवायचे. नवी माणसं घाबरायची. जिग्नेशभाई मात्र मरायची पाळी आली की खूश व्हायचे. घरून शेंगदाण्याची पुडी आणायचे आणि म्हणायचे, "आजे तो आपणो मरवानो वारो, मजा पडी जशे." कधीकधी सर स्वतःकडे बोट दाखवायचे आणि स्टुलावर जाऊन बसायचे. तेव्हा आमची खरी तारांबळ उडायची.

माझ्याशी ते मराठीत बोलायचे. अख्ख्या लॅबमध्ये आम्ही दोघंच मराठी. त्यांचे पणजोबा म्हणे इथल्या मराठी राजाच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर होते आणि माझे पणजोबा त्याच राजाच्या पलटणीत शिपाई. हे त्यांना कळल्यापासून माझी सुटका नव्हती. "तुझे पणजोबा आमच्या पणजोबांच्या दाराबाहेर उभे राहायचे," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "म्हणूनच तुमचे पणजोबा आत सुखाने झोपा काढायचे." हे उत्तर त्यांना आवडायचं. काही दिवसांनी तोच विषय पुन्हा काढायचे, बहुतेक तेच उत्तर ऐकायला.

सरांचं आणि मॅनेजरसाहेबांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. ती गोष्ट म्हणजे भोंगा. चौथा पाय कामाला लागला की सरांचं यंत्र वीज थोडी कमी करायचं, तांबडा दिवा लावायचं आणि भोंगा वाजवायचं. कुणीतरी येऊन बंद करेपर्यंत वाजतच राहायचं. मॅनेजरसाहेबांना ते खटकायचं. मशीन चालतंय ना, मग बोंब कशाला? गिऱ्हाईकाला कळूच नये की काही बिघडलं, यातच आपली कमाल. सर म्हणायचे, "चौथा पाय एकदाच असतो. तो लागला की आपण परत तीन पायांवर आलो. आता पाठीशी कुणी नाही, हे सांगायला नको?"

किनाऱ्यावर चक्क्या उभारणारी एक मोठी पार्टी यंत्र बघायला आली, त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी भोंगा काढून ठेवायला लावला. सरांनी निमूट काढला. आम्हाला आश्चर्य वाटलं. पाहुणे ओळीने उभे राहिले. सरांनी वायर तोडली. यंत्राचा सूर जरासा हलला आणि पुन्हा लागला, चक्कीचं काम करणारी मोटर फिरत राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेब हात जोडून उभे होते. टाळ्या चालू असतानाच सरांनी दुसरी वायर तोडली.

फ्यूज उडाल्याचा जो आवाज झाला, त्याने शेजारच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. कपाटातून धूर. पाहुण्यांपैकी एकजण खालीच बसला होता. सर त्याला हात देऊन उठवत शांतपणे म्हणाले, "पहिली वायर तुटलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नाही ना? म्हणून."

सरांना घरी पाठवण्याचं घाटत होतं. पण त्या पार्टीनेच कळवलं की आम्हाला भोंग्यासकट यंत्र हवं. मॅनेजरसाहेब सरांशी महिनाभर बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

आता पाढ्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच बदललं.

यंत्र बंद केलं तरी कपाटातल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. ती हळूहळू उतरते. उतरायच्या आत हात लावला तर माणूस संपला. नियम असा, की ठरलेला वेळ थांबायचं, मग मीटर लावून बघायचं, मगच हात घालायचा. सरांचा घड्याळावर विश्वास नव्हता आणि मीटरवर तर नव्हताच; दोन्ही बिघडणाऱ्या वस्तू. ते दोन्ही हात पाठीमागे बांधून कपाटासमोर उभे राहायचे आणि मोठ्याने जुने पाढे म्हणायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. संथ, एका चालीत, शाळेतल्या मुलासारखे किंचित डुलत. अडीचकी संपली की मीटर, आणि मीटरनंतर हात. लॅबमधल्या इतरांना वाटायचं, सर काहीतरी देवाचं म्हणतात. "सरनुं भजन पूरुं थयुं?" असं विचारूनच जिग्नेशभाई पाना उचलायचे. मला ते पाढे कळायचे, कारण माझ्या आजोबांनी ते मला दटावून शिकवले होते आणि मी ते मोठ्या आनंदाने विसरले होते.

एका सकाळी यंत्र बंद झालं, सर उभे राहिले, पावकी सुरू झाली. पावकी संपली आणि सर थेट अडीचकीवर गेले. मधले सगळे पाढे गायब. मला आधी वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. अडीचकी संपवून सर पुढे झाले. मीटर त्यांनी घेतलाच नाही. हात कपाटात जाणार, एवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं. सरांना हात लावायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांचं मनगट अगदी बारीक होतं, ते अजून हातात आठवतं.

"काय झालं?"

"सर, दिडकी राहिली."

"म्हटली की."

"नाही म्हटलीत. सवायकी पण नाही, पाऊणकी पण नाही."

जिग्नेशभाईंनी मीटर लावला. आकडा बघून त्यांनी जीभ चावली. सर म्हणाले, "मीटर बिघडलाय." जिग्नेशभाईंनी दुसरा आणला. त्याचाही आकडा तोच. सर माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तू म्हण." मी अडखळत दिडकी सुरू केली. बे दिडे तीन, त्रिक दिडे साडेचार. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी कुठली तरी परकी भाषा बोलतेय असा त्यांचा चेहरा झाला होता, आणि तो बघून मला पुढचं म्हणवेना.

मग ते चालत भोंग्यापाशी गेले आणि त्यांनी तो वाजवला. असेंब्लीतली, स्टोअरमधली, ऑफिसातली, सगळी माणसं धावत आली. मॅनेजरसाहेबही आले. सरांनी भोंगा बंद केला आणि हिंदीत, सगळ्यांना कळेल असं सांगितलं, "मैं बिगड गया हूँ. आजसे मैं किसी पॅनेलको हात नहीं लगाऊंगा. और मैं लगाने जाऊं, तो मुझे रोकना." आणि लॅबची चावी त्यांनी जिग्नेशभाईंच्या हातात ठेवली. दोघंतिघं हसले. त्यांना वाटलं, हीसुद्धा सरांची एखादी कवायत आहे. जिग्नेशभाई चावी धरून रडत होते, ते बघून मग हसू थांबलं.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं: विस्मरणाचा आजार, वाढत जाणारा. सरांनी नोकरी सोडली. मी सुट्टीच्या दिवशी शहरातच, अकोट्याला, त्यांच्या घरी जायला लागले. काकू, म्हणजे सरांची बायको, निवृत्त शिक्षिका. गोऱ्या, बारीक, कडक इस्त्रीची साडी, बोलणं मऊ पण शब्द पक्का. मुलगा परदेशात. घरात दोघंच.

सरांनी आजाराचंही जाहीर भाषण करून टाकलं होतं. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला, भेटेल त्याला सांगायचे, मी विसरतो, मला सांभाळा. फाटकावर त्यांनी एक पाटी लावली, मराठीत आणि गुजरातीत: या घरातला म्हातारा विसरतो, एकटा दिसला तर परत आणून सोडा. खाली फोन नंबर. काकूंनी ती काढली. सरांनी पुन्हा लावली. काकूंनी पुन्हा काढली. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मग एका रविवारी मी गेले तर फाटकावर नुसते खिळे होते. काकूंनी पाटी कुठे ठेवली हे सरांना आठवत नव्हतं, आणि थोड्या दिवसांनी पाटी होती हेही आठवेना.

त्यानंतर काकूंनी घर असं चालवलं, की बाहेरच्याला काही कळू नये. सरांचं वाक्य अर्ध्यात अडलं की काकू ते सहज पुरं करायच्या. कुणी आलं की त्याचं नाव आधी स्वतः मोठ्याने घ्यायच्या, म्हणजे सरांना घेता येईल. शर्टाची बटणं, गोळ्या, आंघोळ, बँकेतल्या सह्या, सगळं त्या करायच्या, आणि वर म्हणायच्या, "आत्ताच यांनी बँकेचं काम उरकलं." मुलाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "बाबा ना? बाबा मजेत आहेत, झोपलेत."

एकदा माझ्यासमोर मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन बरणीला टेकवून सरांसमोर ठेवला आणि स्वतः फोनच्या मागे उभ्या राहिल्या. मुलाने विचारलं, "बाबा, नाश्त्याला काय केलं आज?" काकूंनी ओठ हलवले. सर म्हणाले, "खमण." मुलगा हसला. "अजून बाहेरचंच चालू आहे का?" काकूंनी मान हलवली, सरांनीही मान हलवली. मुलगा खूश होऊन गेला. काकूंनी फोन उचलला, साडीने पुसला, आणि मला म्हणाल्या, "बघ, कसे छान बोलले." मला त्यांचा रागही आला आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली.

त्या दिवशी निघताना मी सरांच्या शेजारी झोपाळ्यावर बसले होते. काकू आत होत्या. सर अचानक जुन्या आवाजात म्हणाले, "ही सगळा लोड एकटी घेतेय."

"हो, सर."

"आवाजसुद्धा करत नाही. तू मुलाला सांग."

"सांगते."

"मी सांगितलं असतं," ते म्हणाले, "पण फोनच्या मागून ती..." पुढचं त्यांना सापडलं नाही. मी वाट बघितली. ते माझ्याकडे बघून आदराने म्हणाले, "आपण चहा घेणार?"

मी मुलाला फोन केला. सगळं सांगितलं: पाढे, पाटी, फोनमागची काकू. तो ऐकून घेत होता, पण आवाजात थोडी चीड होती. "अगं, मी परवाच बाबांशी बोललो. खमणवरून चेष्टा केली आम्ही. थोडं विसरतात, ते वयाने होतंच ना? आई तर काही म्हणाली नाही." मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. तो म्हणाला, आईला विचारतो. त्याने विचारलं, आणि आईने काय सांगितलं असेल ते मला न विचारताच कळलं.

पुढच्या खेपेला काकूंनी मला चहा दिला, सोबत भाकरवडी दिली, आणि मग समोर बसून म्हणाल्या, "तू आमच्या घरात भोंगा वाजवू नकोस."

"काकू, तुम्ही एकट्या किती दिवस ओढणार?"

"तो आला तर काय करील, सांग बघू? नोकरी सोडून इथे थोडाच राहणार आहे? यांना कुठल्या तरी संस्थेत ठेवील. तिथल्या बायका यांना आजोबा म्हणतील आणि चमच्याने भरवतील. अगं, हा माणूस घरात दोन-दोन टॉर्च ठेवणारा. अनोळखी ठिकाणी अंधार झाला तर हे कुणाला हाक मारतील?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "तुमच्या सरांचं ते मशीनचं ठीक आहे. मशीनला लाज नसते."

काकू चुकत होत्या असं मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं, पण त्यांच्या जागी मी असते तर सरांना संस्थेत पाठवलं असतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

काकूंचे पाय सुजायला लागले होते. फाटकापासून दारापर्यंत आल्या तरी त्यांना थांबून श्वास घ्यावा लागायचा. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायच्या, "आणि यांच्याजवळ कोण बसेल?" मी बसते म्हटलं, तर म्हणायच्या, "तू असलीस की ते ओळखायचा प्रयत्न करतात गं, दमतात. हवे रहेवा दे, राहू दे आता." शेजारच्या भानुबेनही सांगून थकल्या. एकदा मी रिक्षा दारात आणून उभी केली, तर काकूंनी रिक्षावाल्याला पाणी देऊन परत पाठवलं.

एका बुधवारी संध्याकाळी भानुबेनचा मला फोन आला. त्या वाटी परत द्यायला गेल्या होत्या. दार सरांनी उघडलं, या बसा म्हणाले, पंखा लावला. काकू दिसेनात म्हणून भानुबेन आत गेल्या. काकू स्वयंपाकघरात फरशीवर होत्या. डोक्याखाली उशी होती आणि अंगावर गळ्यापर्यंत नीट चादर घातलेली होती. डॉक्टर आले, म्हणाले, दुपारीच गेल्या असतील. जेवण उरकून ओटा पुसायला उभ्या राहिल्या होत्या, फडकं तसंच ओट्यावर पडलं होतं. आम्ही घरभर रडत होतो आणि सर एकेकाला पाणी हवं का विचारत होते.

मुलगा दोन दिवसांनी पोचला. सगळं आटोपल्यावर तो आणि मी झोपाळ्यावर बसलो. आत भानुबेन सरांना भात भरवत होत्या. त्यांचा आवाज बाहेर येत होता, "लो दादा, एक कोळियो."

"बुधवारी मी फोन केला होता," मुलगा म्हणाला. "तुमच्याकडे दुपार असेल. आईऐवजी बाबांनी उचलला. स्वतः उचलला. मी विचारलं, आई कुठे आहे? तर काय छान बोलले गं. एक शब्द अडखळला नाही." तो पायाने झोपाळा थांबवून बसला होता. "म्हणाले, आई ना? आई मजेत आहे, झोपलीय. मला एवढं बरं वाटलं, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की माझे बाबा सुधारतायत."